एका सुताचा फरक

लोखंडाच्या दुकानात सळई घ्यायला गेलात तर आजही विचारतात, "तीन सूत की चार सूत?" एका इंचाचे आठ सूत. पावतीवर मिलिमीटर छापलेले असतात, पण गवंड्याच्या, सुताराच्या, फिटरच्या तोंडी अजून सूतच आहे. हे माप मला एकदा भलत्याच ठिकाणी भेटलं: अमेरिकेत, डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात, गॅरेजच्या थंडगार फरशीवर, १९६८ सालच्या पाँटियाक जीटीओच्या पोटाखाली.

गाडी मित्राची. हा मूळचा चिंचवडचा, शिकला मेकॅनिकल, आणि गाड्यांच्या धंद्यातले बरेच मराठी इंजिनिअर जसे मिशिगनला पोचतात तसा पोचला. आठवडाभर ऑफिसात नव्या गाड्यांची सस्पेन्शन जुळवायची आणि शनिवार-रविवार स्वतःपेक्षा वयाने मोठ्या गाडीखाली पाठ टेकून पडायचं, असा त्याचा संसार. (वहिनी याला संसार म्हणत नाहीत.) फरशीवर एक काळा रंगवलेला पोलादी दांडा पडला होता. दोन्ही टोकांना वाकवलेला, पसरट यू अक्षरासारखा. शेजारी तसाच दुसरा.

"हा सात सुती, हा आठ सुती," तो म्हणाला. "कुठला बसवायचा ते ठरत नाहीये."

"एका सुताने काय आभाळ कोसळणार आहे?"

तो हसला नाही. "कोसळू शकतं," म्हणाला, आणि हात पुसत स्टुलावर बसला.

त्या दांड्याला अमेरिकेत स्वे बार म्हणतात, पुस्तकांत अँटी-रोल बार, आपल्या गॅरेजांत स्टॅबिलायझर. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून कटकट ऐकू येऊ लागली की आपला गॅरेजवाला गाडीखाली न वाकताच निदान करतो, "साहेब, लिंक रॉड गेलेत." हे लिंक रॉड म्हणजे याच दांड्याची टोकं चाकांच्या बाजूला जोडणाऱ्या दोन काड्या. वस्तू ओळखीची आहे, फक्त कुणी खाली वाकून तिचं तोंड पाहिलेलं नसतं. नवीही नाही. तिचं पहिलं पेटंट १९१९ सालचं, कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांचं.

काम सांगायला सोपं. गाडी उजवीकडे वळली की तिचं अंग डावीकडे झुकतं. घाटातल्या एसटीत खिडकीजवळच्या माणसावर सगळं बाक कलंडतं, तसंच. डावीकडची स्प्रिंग दबते, उजवीकडची सैलावते. आता दोन्ही चाकांमधून आडवा एक दांडा टाकला, तर एक टोक वर आणि दुसरं खाली जाताना त्याला पीळ बसतो. पोलाद पीळ सहज सोसत नाही, ते उलट जोर लावतं. अंग कमी झुकतं. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, म्हणजे गतिरोधकावरून गेलो, तर दांडा नुसता फिरतो. पीळ नाही, म्हणून विरोधही नाही. स्प्रिंग कडक न करता झुकणं तेवढं कमी, असा हा सौदा. ऐकायला फुकटचा वाटतो. तसा तो नाही.

पण आधी ही गाडी अशी का होती ते बघायला हवं.

१९६४ साली पाँटियाकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या, बाजारहाटाच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा घरचाच नियम होता. तेव्हा पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या माणसांनी पळवाट काढली: नवी गाडी काढलीच नाही, जुन्या गाडीवर जादा पैशात मिळणारा एक पर्याय काढला. साधारण २९५ डॉलर. नाव घेतलं जीटीओ, तेही फेरारीकडून उचलून, जिथे त्या तीन अक्षरांना शर्यतीच्या मान्यतेचा अर्थ होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि मसल कार नावाची जात रुळली.

सगळा पैसा बॉनेटखाली गेला. ब्रेक ड्रमचेच राहिले, स्टिअरिंग संथ राहिलं, सस्पेन्शन थोडं कडक केलेलं कुटुंबाचंच. कारण या गाड्यांची परीक्षा वळणावर व्हायचीच नाही. ती व्हायची वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर. डेट्रॉईटपासून पाँटियाक शहरापर्यंत जाणारा हा रुंद रस्ता. साठच्या दशकात तिथे एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या, आणि कारखान्यांतले इंजिनिअरही रात्री तिथे फिरकायचे असं सांगतात. आता त्याच रस्त्यावर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची वारी निघते. १९९५ पासून चालू आहे, नाव वुडवर्ड ड्रीम क्रूझ. मित्राला गाडी त्या दिवसासाठी तयार हवी होती. माझ्या मते हे थोडं गमतीचंच होतं, कारण त्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते. वळणावर कशी धरते हे कळायला वावच नाही. तसं मी म्हटलंही. त्यावर त्याने माझ्याकडे, देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघतात, तसं पाहिलं.

वुडवर्ड सरळ आहे. पण सरळ रस्ता संपतो, आणि तिथे या गाड्यांचा स्वभाव उघडा पडतो. स्टिअरिंग फिरवा, पुढची चाकं वळतात, गाडी मात्र बाहेरच्या कडेकडे ओढत राहते, जणू तुम्ही म्हणालात ते तिने ऐकलं पण पटलं नाही. याला अंडरस्टिअर म्हणतात: पुढच्या टायरांची पकड मागच्यांच्या आधी संपते. पुढे बसलेलं बिडाचं अवजड व्ही-आठ इंजिन, त्या काळातले तिरप्या धाग्यांचे बायस-प्लाय टायर, आणि दांडा फक्त पुढे, मागे नाही.

मागे दांडा नसणं ही नजरचूक नव्हती. अंडरस्टिअर हा सामान्य चालकासाठी सुरक्षित दोष मानला जातो. गाडी वळेना तर घाबरलेला माणूस आपसूक पेडलवरचा पाय काढतो, वेग उतरतो, पुढची चाकं पुन्हा धरतात. उलट दोषात, म्हणजे मागची बाजू आधी सुटली तर, तोच पाय काढणं घात करतं.

आणि त्या दोषाची भीती त्याच कंपनीच्या घरात ताजी होती. शेव्हरोलेची १९६० सालची कॉर्व्हेअर: इंजिन मागे, मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सलचं, आणि पहिली चार वर्षं पुढे अँटी-रोल बार सरसकट दिलेला नाही. मागचा भार सावरण्यासाठी पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवायची, असं कंपनी सांगे. ते पेट्रोल पंपावरच्या पोराला कोण समजावणार? १९६४ च्या गाडीत पुढचा दांडा सगळ्यांना मिळाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' आलं, त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. पुढे १९७२ साली सरकारी तपासणीने ती गाडी तिच्या काळातल्या इतरांपेक्षा वाईट नाही असा निर्वाळा दिला, पण तोवर गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच: मागून सुटणाऱ्या गाडीला दांडा पुढे बसवतात, पुढून सुटणाऱ्या गाडीला मागे. असं उलट का, ते कळलं की सगळं प्रकरण कळलं.

मित्राने ते मला खडूने फरशीवर लिहून दाखवलं.

गाडी साधारण १,६०० किलोची. वळणावर तिच्या आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो हे चार गोष्टींवर ठरतं: वजन, वळणाचा जोर, वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून किती उंच, आणि दोन चाकांमधलं अंतर. या गाडीत ते अंतर ६० इंच. मध्यबिंदू ५५ सेंटिमीटरवर धरला आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या सात दशांश, तर सुमारे ४०० किलो आतून बाहेर जातात. आता नीट बघा, या हिशेबात दांडा कुठेच नाही. जाड बसवा, बारीक बसवा, काढून भंगारात द्या, ४०० किलो सरकायचे ते सरकणारच. दांडा ठरवतो ती फक्त वाटणी: या ४०० पैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या.

वाटणीने फरक का पडावा? टायरच्या एका खोडीमुळे. टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. समजुतीसाठी आकडे घेऊ. मागच्या दोन चाकांवर मिळून ७०० किलो आहेत. सरळ चालताना ३५० आणि ३५०, आणि टायर भाराच्या नव्वद टक्के पकड देतो: एकूण ६३०. वळणावर ती वाटणी २५० आणि ४५० झाली. हलका टायर ९५ टक्के देतो, जड टायर ८५ टक्के, बेरीज ६२०. दांडा जाड केला, वाटणी १५० आणि ५५० वर गेली: हलका पूर्ण १०० टक्के देतो पण त्याच्याजवळ आहेतच १५०, जड ८० टक्क्यांवर आला. बेरीज ५९०. दांड्यापायी मागच्या जोडीची तीस किलोंची पकड गेली, कुणी चोरली नाही. त्याच वेळी पुढच्या जोडीवरचं ओझं तेवढं हलकं झालं, तिची बेरीज वाढली.

म्हणजे मागचा दांडा मागची पकड वाढवत नाही. तो ती घटवतो. दुकानाच्या जाहिरातीत हे वाक्य कधीच सापडणार नाही. दांडा जमीन वाढवत नाही, भावाभावांत पुन्हा वाटून देतो. एकाच्या बांधावरून काढून दुसऱ्याच्या बांधात टाकतो. अंडरस्टिअर करणाऱ्या गाडीत मागच्याकडे पकड शिल्लक असते, म्हणून ती काढून पुढच्याला दिलेली चालते. शिल्लक होती तेवढीच काढली तर गाडी समतोल होते. जास्त काढली तर मागचा उघड्यावर येतो.

हे गणित तेव्हाही ठाऊक होतं. त्याच जनरल मोटर्समधल्या ओल्ड्समोबिलने १९६४ मध्येच पोलिसांसाठीच्या एका पॅकेजवरून ४-४-२ ही गाडी काढली: चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गिअर, दोन सायलेन्सर, म्हणून ते नाव. तिला मागे दांडा होता. सांगाडा जीटीओचाच, जोर त्याच जातीचा, आणि वळणावर ती भावंडांमधली समजूतदार म्हणून ओळखली गेली. पाँटियाकला शहाणपण यायला सहा वर्षं लागली. १९७० च्या जीटीओला मागचा दांडा मिळाला, तो जवळपास ओल्ड्समोबिल आणि ब्युइकच्या गाड्यांमधलाच. जाडी सात अष्टमांश इंच. सात सूत.

मित्राची गाडी १९६८ ची. दांड्याची जागा रिकामी. पण सांगाडा तोच, म्हणून १९७० चा दांडा तिला बसतो. इथवर सगळं सरळ होतं. घोळ सुरू झाला तो दुकानदाराने "त्याच पैशात एक इंची आहे" म्हटल्यावर.

आता त्या एका सुताची गोष्ट.

दांडा पिळताना त्याच्या पोटातलं लोखंड जवळजवळ बसून असतं, कष्ट करते ती बाहेरची साल. जाडी वाढवली की तीन गोष्टी एकदम वाढतात. छेदाचं क्षेत्रफळ वाढतं, तेही जाडीच्या वर्गाने. साल मध्यापासून लांब गेल्यामुळे तेवढ्याच पिळात ती जास्त ताणली जाते. आणि लांब असल्यामुळे तिचा जोर लांब दांडीच्या पान्यासारखा लागतो. वर्ग, गुणिले एक, गुणिले एक: चौथा घात. सात सुतावरून आठ सुतावर गेलो, जाडी १४ टक्क्यांनी वाढली, आणि कडकपणा? आठ भागिले सात, चार वेळा गुणा: १.७१. एका सुतात एकाहत्तर टक्के. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते बहुधा याच सुताला लागू असावं.

याच चौथ्या घाताची दुसरी बाजू पोकळ दांड्यात दिसते. एक इंची दांड्याचं पोट कोरून एक सूत जाडीची साल ठेवली, तर वजन ४४ टक्क्यांवर येतं पण कडकपणा ६८ टक्के राहतो. बांबूला हे आपल्या आधीपासून माहीत आहे. आजकालच्या गाड्यांत पोकळ दांडे वाढत चाललेत ते त्यामुळे. जुन्या गाडीत मात्र चार-पाच किलोंसाठी कुणी जीव टाकत नाही, तिथे भरीवच.

मित्राला हे सगळं पाठ होतं. नोकरीच त्याची. तरी त्याने आठ सुती उचलला. "बसवूनच बघू, नाही पटला तर काढू, चारच बोल्ट आहेत," म्हणाला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण गणित येणाऱ्यांनाही दुकानातली जाड वस्तू जास्त चांगली वाटतेच.

चार बोल्ट हे खरं आहे. या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला चार हात धरून ठेवतात: खाली दोन सरळ, वर दोन तिरके. दांडा बॉडीला कुठेच टांगलेला नसतो. त्याची चपटी केलेली टोकं खालच्या दोन हातांना आतल्या बाजूने, प्रत्येकी दोन बोल्टांनी, सरळ आवळायची. ना लिंक रॉड, ना बुश. गाडी झुकली की एक हात जास्त तिरपा होतो, दुसरा कमी, आणि त्यांच्या भांडणात दांडा पिळला जातो. रचना इतकी साधी की बघून हसू येतं.

पण हात बघा. साध्या जीटीओचे ते हात म्हणजे पत्रा दाबून केलेली पन्हळ, खालून उघडी. दांडा त्यांना पिळू पाहतो, आणि उघडी पन्हळ पिळायला फार सोपी. बुटाचं खोकं झाकण काढून हातात मुरगळून बघा, मग झाकण चिकटवून मुरगळा. म्हणून कंपनीने ज्या गाड्यांना दांडा दिला त्यांचे हात खालून पट्टी जोडून बंद केलेले, पेटीसारखे होते. आपण हात न बदलता दांडा लावला तर दांड्याऐवजी हातच पिळतात आणि पैसे अर्धे फुकट. शिवाय बोल्ट आवळताना पन्हळीच्या दोन भिंती एकमेकींकडे दबतात. आत नळीचा तुकडा घालून भिंतींना आधार द्यावा लागतो, आणि दांडा व हात यांच्यामध्ये राहिलेली फट वायसरांनी भरायची, बोल्टने ओढून नव्हे. मित्राने पेटीबंद हात आणलेले होते. ते बरं केलं.

काम दोन तासांचं, आमचं गेलं पाच तास. एक बोल्ट पंचावन्न वर्षांच्या मिशिगनी मिठाने असा धरला होता की (तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात) शेवटी तो कापावा लागला. मला वाटलं सगळं लावून झालं, आता आवळायचं. त्याने माझा हात धरला. "थांब, गाडी हवेत आहे." हातांच्या टोकांना रबराची बुश असतात, बोल्ट आवळला की रबराचा गाभा तिथेच जखडतो. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर तीच रबराची विश्रांतीची स्थिती होते. मग गाडी खाली टेकली की रबर जन्मभर पिळलेलं, महिन्यांत फाटणार. म्हणून घोड्या बॉडीखालून काढून अ‍ॅक्सलखाली लावल्या, गाडीचं वजन तिच्याच स्प्रिंगांवर येऊ दिलं, आणि मग झोपून एकेक बोल्ट आवळला. हे कामाच्या कागदावर एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि बहुतेक लोक नेमकी तीच ओळ गाळतात.

बुशवरून अजून एक. या गाड्यांना रबराऐवजी पॉलियुरेथेनची कडक बुश घालायची फॅशन आहे. इतर जागी ठीक. पण वरचे दोन हात तिरके असल्याने गाडी झुकताना चारही हातांना आपल्या टोकांवर थोडं मुरगळावं लागतं, आणि रबर ते मुरगळणं गिळतं. कडक बुश गिळत नाहीत, सगळी मांडणी अडकून बसते. अडकलेलं सस्पेन्शन म्हणजे न मागता बसवलेला आणखी एक जाड दांडा. त्याची जाडी कुणाला मोजता येत नाही, आणि तो वळणाच्या मध्येच अचानक जागा होतो. मित्राने रबरच ठेवलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष बुशना देता येत नाही.

पहिले दोन आठवडे तो हवेत होता. कोरड्या रस्त्यावर गाडी स्टिअरिंगसरशी वळायची, सपाट राहायची. व्हिडिओ कॉलवर मला हातवारे करून दाखवायचा. एकच तक्रार होती: एका चाकाखाली खड्डा आला की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचायचा, डोकं डावी-उजवीकडे हलायचं. दांडा दोन चाकांची गाठ मारतो, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतंच.

मग ऑक्टोबर आला. पानगळ, वर पाऊस. हायवेवर चढणारा गोल रॅम्प, उजवं वळण, ताशी साठ किलोमीटर असावेत. वळण संपत आलं म्हणून त्याने पेडल किंचित दाबलं. आतलं, म्हणजे उजवं मागचं चाक, दांड्याने आधीच हलकं केलेलं. त्यात लांब शाफ्टमधून इंजिनाचा पीळ अ‍ॅक्सलवर येतो तेव्हा तोही उजवंच मागचं चाक उचलू बघतो. या जातीच्या गाड्या सिग्नलवरून सुटताना रस्त्यावर अनेकदा एकच काळा पट्टा उमटवतात, तो उजव्या चाकाचा असतो, तो याच कारणाने. साधं डिफरन्शियल असतं तर ते एक चाक नुसतं गरगरलं असतं आणि बाहेरच्या चाकाने बाजू सांभाळली असती. पण या गाडीत पाँटियाकचं सेफ-टी-ट्रॅक, दोन्ही चाकं बांधून ठेवणारं. आतलं सुटलं तसं बाहेरचंही सुटलं. मागची बाजू डावीकडे निघाली. आणि सस्पेन्शनच्या इंजिनिअरने, ज्याला सगळं माहीत आहे, त्याने काय केलं? पाय काढला. उरलासुरला भार पुढे गेला, मागचं आणखी हलकं झालं, आणि गाडी एक गिरकी घेऊन आल्या दिशेकडे तोंड करून ओल्या गवतात थांबली. कुठे आदळली नाही. मागून कुणी येत नव्हतं.

"घरी आलो आणि हिला काही सांगितलं नाही," तो मला म्हणाला. मागून वहिनींचा आवाज आला, "चाकांना गवत होतं, मला दिसलं."

पुढच्या शनिवारी आठ सुती उतरला, सात सुती चढला. तेव्हाच त्याने टायरही बघितले. मागचे सात वर्षांचे होते, नक्षी शाबूत पण रबर दगड झालेलं. दांडा बदलण्याआधी टायरची तारीख बघायची असते, ही त्याची नंतरची टिप्पणी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नवे टायर घातले, मग रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये कोपऱ्याकोपऱ्याला प्लास्टिकच्या बरण्या मांडून गोल-गोल फिरला: एकदा कोरड्यात, एकदा पाऊस पडून गेल्यावर. आधी हळू, मग वेग थोडा थोडा वाढवत, पाय एकसारखा ठेवून. पुढचं आधी सुटतंय, पण जरासंच, आणि पाय काढला की परत येतंय, इथवर आल्यावर घरी गेला. हवा दोन पौंड कमी-जास्त करून बघितली. वहीत लिहून ठेवली.

मी परत गेलो ते पुढच्या ऑगस्टमध्ये. वुडवर्डवर आम्ही तीन तास सरकलो, पुढे एक पिवळी ब्युइक, मागे एक ४-४-२. तिच्या मालकाने, सत्तरीच्या गृहस्थाने, सिग्नलला उतरून आमच्या गाडीखाली वाकून बघितलं आणि अंगठा वर केला. त्या दिवशी आम्ही एकही वळण घेतलं नाही.

घरी गॅरेजमध्ये भिंतीवर दोन खुंट्यांवर तो आठ सुती दांडा आडवा टांगलेला. वहिनींनी त्यावर बर्फ ओढायचं फावडं आणि दोन ओली पायपुसणी वाळत घातली होती.

"हा आता देऊन टाकायचा ना?" त्यांनी मला विचारलं, जणू निकाल माझ्याकडे होता.

"राहू दे," मित्र गाडीखालून म्हणाला. त्याने पुढची चाकं काढलेली दिसत होती. "पुढचा दांडा सव्वा इंची मागवलाय. तो आला की मागे हाच लागेल."

वहिनींनी पायपुसणी काढली नाहीत.